शेवटची दहा मिनिटं आणि रिकामा नऊ नंबर

भारतीय फुटबॉल संघाचा इतिहास सांगायचा म्हटलं की दोन गोष्टी हमखास निघतात. एक, आपण अनवाणी खेळायचो म्हणून १९५० चा विश्वचषक हुकला. दोन, पन्नास-साठच्या दशकात आपण आशियाचे राजे होतो आणि मग सगळं कुजलं. पहिली गोष्ट जवळजवळ दंतकथा आहे. दुसरी अर्धी खरी आहे. या दोन्हींच्या गदारोळात मुद्द्याचं मात्र राहून जातं. या संघाचे मोठे पराभव ओळीने मांडून पाहिले, तर गोल करणारा माणूस नसणं आणि शेवटच्या मिनिटांत गोल खाणं ही दोनच दुखणी पुन्हा पुन्हा दिसतात. माझ्या मते ती दोन नाहीतच. एकाच दुखण्याची ती दोन टोकं आहेत.

सुरुवात ३१ जुलै १९४८ पासून करू. लंडन ऑलिंपिक, समोर फ्रान्स, कर्णधार तालिमेरेन आओ. आपले बहुतेक खेळाडू अनवाणी, काहींच्या पायाला फक्त पट्ट्या गुंडाळलेल्या. फ्रान्सने आधी गोल केला, रामनने बरोबरी साधली. त्या सामन्यात भारताला दोन पेनल्टी मिळाल्या आणि दोन्ही वाया गेल्या. एक शैलेन मन्ना यांची, दुसरी महावीर प्रसाद यांची. ८९व्या मिनिटाला फ्रान्सने दुसरा गोल केला. भारत १, फ्रान्स २. इंग्रज प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या, वर्तमानपत्रांत कौतुक झालं आणि पुढची पन्नास वर्षं आपण ते कौतुक पुरवून खाल्लं. नीट पाहिलं तर पुढच्या पाऊणशे वर्षांचा आराखडा त्या एकाच सामन्यात आहे: खेळ बरा, समोरच्या जाळ्यापाशी हात थरथरणारे, आणि शिट्टी वाजायच्या आत घात.

आता १९५०. भारत ब्राझीलच्या विश्वचषकाला पात्र ठरला तो आपल्या गटातल्या बाकीच्या संघांनी माघार घेतल्यामुळे, एकही सामना न खेळता. इटली, स्वीडन आणि पॅराग्वे यांच्या गटात आपलं नाव पडलं होतं. यजमान प्रवासखर्चाचा मोठा वाटा उचलायला तयार होते. तरीही अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने संघ पाठवला नाही. बोटीचा लांबचा प्रवास, सरावाला अपुरा वेळ, निवडीवरून धुसफूस अशी कारणं पुढे आली. सगळ्यात मोठं कारण म्हणजे तेव्हा आपल्याकडे ऑलिंपिकपुढे विश्वचषकाला कुणी फारसं विचारतच नव्हतं. अनवाणी पायांचा मुद्दा नंतर चिकटला, कारण तो सांगायला सोपा आणि ऐकायला गोड आहे. बुटांचा धडा खरा मिळाला तो १९५२ मध्ये हेलसिंकीला. गारठलेल्या, निसरड्या मैदानावर युगोस्लाव्हियाने १०-१ असं धुतलं. आपला एकमेव गोल अहमद खानचा. त्यानंतर महासंघाने बूट सक्तीचे केले.

याच सुमारास सय्यद अब्दुल रहीम या माणसाने संघाचा नूर पालटला. हैदराबादचे हे शिक्षक, हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक. त्यांच्या हाताखाली १९५१ मध्ये दिल्लीत पहिल्या आशियाई स्पर्धेचं (एशियाडचं) सुवर्ण मिळालं. अंतिम सामन्यात इराणवर १-० असा विजय, गोल साहू मेवालाल यांचा. हेलसिंकीचा मार खाऊन आल्यावर रहीमसाहेबांनी युरोपीय संघांची मांडणी अभ्यासली आणि आपल्या पोरांना चेंडू पायाशी घेऊन नाचण्याऐवजी एका-दोन स्पर्शांत पुढे सारायला शिकवलं. ड्रिबलिंगला टाळ्या पडायच्या त्या काळात हे सोपं नव्हतं.

१९५६ मेलबर्नचं चौथं स्थान हा आपल्या फुटबॉलचा सर्वोच्च बिंदू मानला जातो, आणि मानावाच. पण तो कसा आला हेही ठाऊक असावं. स्पर्धेत ११ संघच उरले होते. पहिल्या फेरीत हंगेरीने माघार घेतल्यामुळे आपल्याला पुढे चाल मिळाली. उपांत्यपूर्व फेरीत यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असं हरवलं. मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसूझाने हॅटट्रिक केली, ऑलिंपिकमध्ये ती करणारा तो पहिला आशियाई. म्हणजे एक विजय आणि आपण उपांत्य फेरीत. तिथे युगोस्लाव्हियाविरुद्ध उत्तरार्धाच्या सुरुवातीला नेव्हिलनेच भारताला पुढे नेलं. हा गोल विसरता कामा नये, कारण अंतिम फेरी तेव्हा अर्ध्या तासावर होती. पण त्यांनी लगेच बरोबरी केली, मग आघाडी घेतली, आणि सामना ४-१ असा संपला. कांस्यपदकाच्या लढतीत बल्गेरियाने ३-० असं हरवलं. चार गोलांसह नेव्हिल त्या ऑलिंपिकच्या सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने पहिला होता. नऊ नंबरला, म्हणजे आघाडीच्या मधोमध गोल करायला उभं राहण्याच्या जागी, धारदार माणूस असला की काय होतं, याचा हा आपला सगळ्यात जुना पुरावा.

दमाचा प्रश्नही इथलाच. आपल्याकडच्या अनेक स्पर्धांत सामने ७० मिनिटांचे व्हायचे. आयुष्यभर ३५-३५ मिनिटं खेळलेल्या पायांना बाहेर गेल्यावर अचानक वीस मिनिटं जादा धावायचं असे. त्यात बदली खेळाडूंची सोय नाही. ६० मिनिटांपर्यंत बरोबरीत असलेला सामना नंतर का निसटायचा, याचं बरंचसं उत्तर या साध्या वजाबाकीत आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये हंगेरीशी १-२ असे हरलो. फ्रान्सविरुद्ध कर्णधार पी. के. बॅनर्जींनी आघाडी मिळवून दिली, ती सामना सरत आला असताना गेली आणि १-१ झालं. मग पेरूने ३-१ असं हरवलं. ऑलिंपिकमधला आपला फुटबॉल तिथेच थांबला, नंतर आपण कधी पात्रच ठरलो नाही.

१९६२ ची जकार्ता आशियाई स्पर्धा मात्र निराळी. इस्रायल आणि तैवानला यजमानांनी दूर ठेवल्याबद्दल भारतीय प्रतिनिधीने आक्षेप घेतला होता, त्यामुळे जकार्तातलं वातावरण आपल्याविरुद्ध तापलेलं. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाकडून ०-२ हार. मग थायलंडवर ४-१, जपानवर २-०. थायलंडच्या सामन्यात बचावफळीचा कणा जर्नेल सिंग डोक्याला लागून जायबंदी झाला, टाके पडले. आता त्याला मागे ठेवलं तर दर दोन मिनिटांनी उंच चेंडूला डोकं लावावं लागणार. रहीमसाहेबांनी त्याला थेट आघाडीला नेलं. वरकरणी वेडेपणा, पण हिशोब पक्का होता. उंच, दणकट, अंगावर बचावपटू घेऊन उभा राहणारा माणूस पुढे मिळाला, आणि चुनी गोस्वामी, पी. के. बॅनर्जी, तुलसीदास बलराम यांना त्याच्याभोवती मोकळी जागा. उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३-२, त्यात जर्नेलचा गोल. ४ सप्टेंबरला अंतिम सामन्यात पुन्हा दक्षिण कोरिया. पहिल्या वीस मिनिटांतच पी. के. आणि जर्नेल यांचे गोल. कोरियाने अखेरीस एक फेडला, पण २-१ टिकलं. टिकलं, कारण मागून भिरकावलेला चेंडू धरून ठेवणारं कुणीतरी पुढे होतं.

पुढच्याच वर्षी, जून १९६३ मध्ये, रहीमसाहेब कर्करोगाने गेले. १९६४ च्या आशियाई चषकात, म्हणजे फक्त फुटबॉलच्या आशियाई स्पर्धेत, भारत उपविजेता ठरला. स्पर्धा चार संघांची; कोरियाला २-० आणि हाँगकाँगला ३-१ हरवलं, इस्रायलकडून ०-२ हरलो. १९७० ला बँकॉकमध्ये जपानला १-० हरवून कांस्य. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचं पदक नाही. जपान, कोरिया आणि पश्चिम आशियातले देश वर्षभर चालणाऱ्या स्पर्धा, सराव, प्रशिक्षक यांवर पैसा ओतत होते. आपण कोलकात्याच्या मैदानावरच्या वैरात रमलो होतो. ऐंशीच्या दशकापर्यंतचा प्रवास यापेक्षा जास्त शब्दांचा धनी नाही. विश्वचषकाचे पात्रता सामनेसुद्धा भारत पहिल्यांदा खेळला तो १९८६ च्या विश्वचषकासाठी.

१९८४ मात्र बारकाईने पाहण्यासारखं आहे. जानेवारीत कोलकात्यात नेहरू चषकाला अर्जेंटिना आलं होतं. आपण त्यांना जवळजवळ रोखलं, ०-१ हरलो, गोल रिकार्डो गारेकाचा. सर्बियाचे मिलोव्हान चिरिच प्रशिक्षक म्हणून आले आणि त्यांनी बचावाला शिस्त लावली. त्या वर्षी डिसेंबरात सिंगापूरला आशियाई चषकात आपण चार सामने खेळलो: सिंगापूरकडून ०-२, अमिरातीकडून ०-२, इराणशी ०-०, चीनकडून ०-३. चार सामने, सहा तासांचा खेळ, आणि गोल शून्य. इराणला रोखलं याचा अभिमान अजून सांगितला जातो. शून्याबद्दल कुणी बोलत नाही.

आता हे यंत्र कसं चालतं ते नीट पाहू, कारण पुढचे सगळे पराभव त्याच साच्यातले आहेत. ताकदवान संघापुढे दुबळा संघ स्वतःच्या अर्ध्यात मागे सरकतो. चार बचावात, चार किंवा पाच मधल्या फळीत, दोन फळ्यांमधलं अंतर दहा-बारा मीटर. असा गठ्ठा फोडणं कुणालाही अवघड. पण त्यातून चेंडू बाहेर मारल्यावर तो कुठे पडतो हा खरा प्रश्न. पुढे एकटा उभा असलेला स्ट्रायकर पाठीवर बचावपटू घेऊन तो चेंडू छातीवर किंवा पायाखाली घेऊ शकला, चार-पाच सेकंद झाकून ठेवू शकला, तर मागची फळी वीस मीटर वर येते, विंगवरचे, म्हणजे कडेने पळणारे, धावतात, सगळ्यांना श्वास मिळतो. निदान फाऊल तरी मिळतो. त्याला ते जमलं नाही तर तोच चेंडू दहा सेकंदांत परत येतो. पुन्हा क्रॉस (कडेने आत उचललेला चेंडू), पुन्हा हेडर, पुन्हा बाहेर. ७५व्या मिनिटानंतर पाय जड होतात, बगलेतून येणाऱ्याला अडवायला अर्धं पाऊल उशीर होतो, आणि मग पेनल्टी किंवा दुसऱ्या खांबापाशी मोकळा सुटलेला माणूस. लोक म्हणतात एकाग्रता गेली. एकाग्रता जाते ती दमल्यामुळे, आणि संघ दमतो चेंडू पुढे टिकत नाही म्हणून. पुढच्या वेळी भारताचा सामना बघताना एवढंच मोजा: आपण लांब मारलेल्या दहा चेंडूंपैकी किती आपल्याच माणसाकडे राहिले आणि त्यानंतर सलग तीन पास झाले. दहापैकी तीनाच्या खाली आकडा असेल तर ८०व्या मिनिटाला काय होणार ते ६०व्यालाच कळतं.

सुनील छेत्रीने ही उणीव जवळजवळ दोन दशकं झाकून ठेवली. १३ ऑगस्ट २००८ ला दिल्लीत आशियाई फुटबॉल संघटनेच्या (एएफसी) चॅलेंज चषकाच्या अंतिम सामन्यात ताजिकिस्तानला ४-१ हरवलं, छेत्रीची हॅटट्रिक. त्या जोरावर २०११ च्या आशियाई चषकाचं तिकीट मिळालं, १९८४ नंतर पहिल्यांदा. प्रशिक्षक बॉब हॉटन यांच्या संघाने तिथे तीन सामन्यांत १३ गोल खाल्ले (ऑस्ट्रेलिया ०-४, बहारीन २-५, दक्षिण कोरिया १-४), आणि गोलरक्षक सुब्रत पालने थोपवले नसते तर आकडा आणखी फुगला असता. पण तीन गोल केलेही, त्यातले दोन छेत्रीचे.

मग उतरण. मार्च २०१५ मध्ये फिफा क्रमवारीत १७३. त्याच जूनमध्ये ग्वामकडून पराभव. १९९६ च्या फेब्रुवारीत भारत ९४व्या क्रमांकावर होता, तो आजवरचा उच्चांक. प्रशिक्षक स्टीफन कॉन्स्टंटाईन यांनी कोवळी पोरं घेऊन संघ बांधला आणि २०१७ पर्यंत शंभराच्या आत आणला. त्यांचा फुटबॉल देखणा नव्हता, पण कामाचा होता. जून २०१८ मध्ये अंधेरीच्या मैदानावर चायनीज तैपेईविरुद्ध प्रेक्षक मोजकेच होते, छेत्रीने हात जोडून लोकांना मैदानावर यायची विनंती केली आणि पुढचा सामना भरला, हा प्रसंग सगळ्यांना आठवत असेल.

जानेवारी २०१९, अबुधाबी. थायलंडवर ४-१. मग अमिरातीविरुद्ध दोनदा चेंडू आडव्या खांबावर आदळला आणि ०-२. शेवटचा सामना शारजात, बहारीनशी. बरोबरी केली की बाद फेरी पक्की. अशा वेळी संघ मागे सरकणारच, आणि आपण नव्वद मिनिटं मागे सरकून खेळलो. ९१व्या मिनिटाला आपल्याच गोलक्षेत्रात फाऊल, पेनल्टी, ०-१. त्याच सप्टेंबरमध्ये गुवाहाटीत ओमानविरुद्ध छेत्रीच्या गोलाने पुढे होतो. ८२ आणि ९०व्या मिनिटाला दोन गोल खाऊन १-२. पाच दिवसांनी दोहात आशियाई विजेत्या कतारशी ०-०, तेही आजारी छेत्रीशिवाय. गोलरक्षक गुरप्रीत सिंग संधूचा तो सामना. हा निकाल गेल्या तीस वर्षांतला सर्वोत्तम म्हणायला माझी हरकत नाही, पण पुढच्याच महिन्यात बांगलादेशने कोलकात्यात १-१ रोखलं आणि आपला गोल ८८व्या मिनिटाला आला तोही बचावपटू आदिल खानचा.

स्ट्रायकर का घडत नाहीत याचं कारण दडलेलं नाही. क्लबला या आठवड्यात जिंकायचं असतं. परदेशी खेळाडूंच्या मोजक्या जागांत तो आधी नऊ नंबर विकत घेतो, मग मधल्या फळीतला सूत्रधार, मग मधला बचावपटू. इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०१४ मध्ये सुरू झाली तेव्हा एका वेळी सहा परदेशी मैदानावर असायचे, नंतर पाच, २०२१-२२ पासून चार. संख्या घटली तरी पहिली जागा तीच राहिली. मग अठरा वर्षांचा भारतीय स्ट्रायकर एक तर बाकावर बसतो किंवा विंगवर सरकतो. खुद्द छेत्री बंगळुरूच्या क्लबसाठी मिकू या परदेशी नऊ नंबरच्या शेजारी डावीकडून खेळला आहे. परिणाम असा की छांगटे, उदांता, मनवीर, लिस्टन असे वेगवान विंगर आपल्याकडे रांगेने आहेत, आणि त्यांचे क्रॉस घ्यायला आत कुणी नाही. छेत्री जून २०२४ मध्ये थांबला तेव्हा त्याचे ९४ गोल होते. खेळत असलेल्या बाकी कुणाच्याही नावावर दहासुद्धा नव्हते.

त्याआधीचं २०२३ सुखाचं गेलं. इम्फाळ, भुवनेश्वर, बंगळुरू अशा तीन स्पर्धा जिंकल्या, सॅफ या दक्षिण आशियाई स्पर्धेच्या अंतिम सामन्यात कुवेतला पेनल्टींवर हरवलं, जुलैत क्रमवारी ९९. तिन्ही स्पर्धा मायदेशात झाल्या हे तेव्हा फार कमी जणांनी बोलून दाखवलं. नोव्हेंबरात कुवेतमध्ये जाऊन मनवीरच्या गोलाने १-० जिंकलो, तो खरा कस. पण जानेवारी २०२४ च्या आशियाई चषकात, जेमतेम दोन आठवड्यांच्या तयारीने, ऑस्ट्रेलियाकडून ०-२, उझबेकिस्तानकडून ०-३, सीरियाकडून ०-१. तीन सामने, गोल शून्य. १९८४ ची आवृत्ती, फक्त जर्सी नवी.

मार्चमध्ये गुवाहाटीत अफगाणिस्तान. छेत्रीचा १५०वा सामना, त्याच्याच पेनल्टीने आघाडी, आणि ८८व्या मिनिटाच्या पेनल्टीवर १-२ हार. जूनमध्ये कोलकात्यात त्याच्या निरोपाच्या सामन्यात कुवेतशी ०-०. पाच दिवसांनी दोहात छांगटेने कतारवर आघाडी मिळवून दिली. तो विजय टिकला असता तर विश्वचषक पात्रतेच्या तिसऱ्या फेरीत पहिल्यांदा पाऊल पडलं असतं. ७३व्या मिनिटाला चेंडू गोलरेषेबाहेर जाऊन परत ओढला गेला, गोल दिला गेला. त्या फेरीत व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ पाहून निर्णय तपासायची सोय, नव्हती. चीड येणं साहजिक आहे. पण ८५व्या मिनिटाचा दुसरा गोल पंचांनी केलेला नव्हता, आणि अफगाणिस्तानशी दोन सामन्यांत एकच गुण मिळवलेला संघ कतारच्या मैदानावर नशीब अजमावत होता हेही खरं. २०२४ सालात भारताने एकही सामना जिंकला नाही.

गोल कोण करणार याचं उत्तर सापडेना म्हणून मार्च २०२५ मध्ये चाळिशीतल्या छेत्रीला परत बोलावलं. मालदीववर ३-०, त्यात त्याचा गोल, सोळा महिन्यांनी पहिला विजय. मग २०२७ च्या आशियाई चषकाची पात्रता: बांगलादेशशी शिलाँगमध्ये ०-०, हाँगकाँगमध्ये भरपाई वेळेतल्या पेनल्टीवर ०-१. खालिद जमील ऑगस्टमध्ये प्रशिक्षक झाले आणि सप्टेंबरात मध्य आशियातल्या काफा स्पर्धेत ओमानला पेनल्टींवर हरवून तिसरं स्थान मिळवलं. कमी साधनांत घट्ट संघ बांधणं हे त्यांचं जुनं कसब. पण ऑक्टोबरात सिंगापूरशी तिथे १-१, आणि मडगावला छांगटेच्या गोलाने पुढे असताना १-२. आशियाई चषक हुकला. त्या वर्षी आयएसएलचा हंगामही वेळेवर सुरू झाला नाही, त्यामुळे खेळाडूंच्या पायांत सामनेच नव्हते.

नोव्हेंबर २०२५ मध्ये बंगळुरूकडून खेळणाऱ्या रायन विल्यम्सने ऑस्ट्रेलियाचं नागरिकत्व सोडून भारताचं घेतलं. आईकडून मुंबईशी नातं, आजोबा मुंबईसाठी राज्यांमधली संतोष ट्रॉफी खेळलेले, आणि स्वतः ऑस्ट्रेलियाकडून एक सामना खेळलेला. आघाडीला अनुभवी माणूस मिळाला म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. कागदपत्रं पूर्ण न झाल्यामुळे तो ढाक्यात उतरू शकला नाही, आणि बांगलादेशकडून आपण ०-१ हरलो. तेव्हा तो बत्तीस वर्षांचा होता, मेहनती आहे. पण मुळात तोही विंगवरचाच खेळाडू.